जुना फुलफ्रेम मिररलेस घ्यावा का? दशावतार, पालखी आणि साठ हजारांचं बजेट

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कुडाळजवळ राहतोस, हातात कॅनन ७००डी आहे, त्यासोबत १८-५५, ५५-२५० आणि ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. जत्रेतला दशावतार, शिमग्याच्या पालख्या असं रात्रीचं शूटिंग करायचंय, अधूनमधून ओळखीतल्या लग्नाचं काम येतं, आणि मुंबईतला एकजण सोनी ए सेवन टू (फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा) किट लेन्ससकट ५२ हजारांना देतोय. बजेट ताणून ताणून साठ. घेऊ का?

हा नको घेऊस. जुना फुलफ्रेम घेणं मूर्खपणा आहे असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही, मी स्वतः सेकंडहँड बॉडीवरच कामं करतो आणि इकडच्या पोरांना घेऊनही देतो. पण तुझं काम आणि तुझ्या बॅगेतलं सामान बघता ५२ हजार देऊन तू रात्रीच्या फोटोसाठी मागे जाशील. कसं ते सांगतो.

जत्रेतला मांड, म्हणजे नाटक रंगतं ती जागा, डोळ्यासमोर आण. रात्रीचे बारा-साडेबारा, वर चार एलईडी फ्लडलाइट टांगलेत, त्यातला एक निळा, राजा आणि राक्षस तलवारी घेऊन गिरक्या मारतायत. तुझ्या १८-५५ ने पूर्ण झूम केलंस की एफ/५.६ मिळतो (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), आणि समज आयएसओ ३२०० ला (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता) शटर १/२५ सेकंद येतोय. म्हणजे तलवार सोड, राजाचं तोंडपण हललेलं येणार. आता तोच ५० एमएम लाव आणि एफ/१.८ ला उघड. एफ/५.६ पासून एफ/१.८ म्हणजे सव्वातीन स्टॉपच्या वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), साधारण दहापट प्रकाश, तेव्हा त्याच आयएसओला १/२५ चा होतो १/२५०. गिरकी थांबते. आता ए सेवन टू बघ. त्याची किट लेन्स २८-७०, ७० ला तीही एफ/५.६. फुलफ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ तुझ्या कॅननच्या सेन्सरच्या अडीचपट, म्हणजे तेवढ्याच नॉइजमध्ये (फोटोत येणाऱ्या दाण्यांत) तुला सव्वा-दीड स्टॉप जास्त मिळणार, ७००डीचा सेन्सर जुना आहे म्हणून अजून थोडंसं धर. १/२५ चा झाला १/६०, फार तर १/८०. फ्रेमिंग तिन्हीकडे साधारण सारखंच आहे, कारण तुझा ५० तुझ्या बॉडीवर ८० सारखा दिसतो. म्हणजे बावन्न हजार घालून जो सेटअप येतोय त्यापेक्षा आज बॅगेत पडलेला ५० एमएम रात्री जास्त कामाचा आहे. त्यावर लोक म्हणतात की ए सेवन टूला बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे ना. आहे, पाच अक्षांचं आहे, आणि फुलफ्रेममध्ये ते पहिल्यांदा त्याच कॅमेऱ्यात आलं. पण ते तुझा हात हलतो त्यासाठी आहे, राक्षस हलतो त्याला ते काय करणार.

अजून एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही. ७००डी मार्च २०१३ चा आणि ए सेवन टू नोव्हेंबर २०१४ चा. जेमतेम पावणेदोन वर्षांचा फरक. तू 'अपग्रेड' म्हणून जे बघतोयस ते जवळपास तुझ्याच कॅमेऱ्याच्या वयाचं आहे, सेन्सर मोठा आहे एवढंच. ऑटोफोकस त्या काळाच्या मानाने ठीक होता, ११७ फेज डिटेक्ट पॉइंट वगैरे, उजेडात काही तक्रार नाही, पण मांडावरच्या अंधारात तो पुढे-मागे शोधत बसतो. व्हिडिओ फुल एचडीच, फोरके नाही. बॅटरी ती छोटी एफडब्ल्यू ५०, कंपनीचाच आकडा व्ह्यूफाइंडरने २७० आणि स्क्रीनने ३५० फोटो. दशावतार पहाटेपर्यंत चालतो, निदान तीन बॅटऱ्या लागतील. त्याच्या बाजूने एक सांगतो, मायक्रो यूएसबीने पॉवर बँकवर चार्ज होतो, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो तेव्हा ते बरं पडतं.

आणि तुझ्या कॅनन लेन्स सोनीवर? स्मार्ट अडॅप्टर मिळतात, लागतात, दिवसा समुद्रावर कुणी शांत बसलेला असेल तर फोकसपण करतात. रात्री त्यांच्यावर भिस्त ठेवू नकोस. म्हणजे पुन्हा सोनीचा एफई ५० एफ/१.८ घ्या, मग एफई ८५ एफ/१.८ घ्या, साठ हजार कुठच्या कुठे गेले. सेकंडहँड बाजारात नवखा माणूस फसतो तो इथेच, तो बॉडीची किंमत बघतो आणि माउंटची, म्हणजे त्यावर लागणाऱ्या लेन्सची, बघत नाही.

मग कोणासाठी आहे ए सेवन टू? ज्याच्याकडे बाबांच्या, काकांच्या काळातल्या जुन्या मॅन्युअल लेन्स पडल्यात त्याच्यासाठी झकास आहे, साधा धातूचा अडॅप्टर लावायचा, मॅग्निफाय करून हाताने फोकस करायचा आणि स्टॅबिलायझेशन वर फुकट. देवराई, कातळशिल्पं, पावसाळ्यातली भातशेती, देवळाच्या आतलं लाकडी कोरीवकाम असं न हलणारं ज्याला काढायचंय त्यानेही डोळे मिटून घ्यावा, भाव पाडून. तुझे विषय नाचतात, धावतात.

आता तुला काय घेण्यासारखं आहे ते. तू कॅननवाला आहेस म्हणून ईओएस आर नाहीतर ईओएस आरपी बघ. आर सप्टेंबर २०१८ चा, ३० मेगापिक्सेल. आरपी फेब्रुवारी २०१९ चा, २६ मेगापिक्सेल आणि बॅटरीसकट ४८५ ग्रॅम, अगदी हलका. दोघांवर ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लावला की तुझा ५० एमएम जसाच्या तसा चालतो, ऑटोफोकससकट, अडॅप्टरमध्ये काच नसतेच, नुसती पोकळ नळी आणि कॉन्टॅक्ट, त्यामुळे फोटोच्या क्वालिटीत काही फरक नाही. खरं सांगू, तुझ्या ७००डीच्या नऊ पॉइंटपेक्षा याचा फोकस ५० एमएमवर जास्त नेमका येईल, कारण फोकस थेट सेन्सरवरच मोजला जातो, पुढे-मागे सरकल्याची भानगड नाही. साठ हजारांत आरपीची बॉडी आणि अडॅप्टर बसतोय का आधी ते बघ, आर बहुधा थोडा वर जाईल. भाव महिन्यागणिक बदलतात म्हणून मी आकडा लिहीत नाही, चार ठिकाणी विचार आणि खालून दुसरा भाव पकडून चाल, सगळ्यात खालचा नको.

दोघांत निवडायचं झालं तर तुझ्यासाठी मी आर घेईन, पैसे जुळले तर. एक कारण बॅटरी. आरला एलपी-ई६एन लागते, म्हणजे ६डी, ७०डी, ८०डी, ५डी मार्क थ्री वाल्यांची तीच, आणि आपल्याकडे तालुक्याच्या कुठल्याही लग्नाच्या फोटोग्राफरकडे ती बॅटरी आणि चार्जर असतोच, अडीनडीला मागता येते. आरपीची एलपी-ई१७ छोटी आहे, कंपनीचा आकडाच २५० फोटो, आणि तुझी ७००डीची बॅटरी दोघांनाही चालत नाही, हे आत्ताच डोक्यात ठेव. दुसरं कारण, आर बंद केला की शटर आपोआप सेन्सरवर झाकण घालतं. तारकर्लीच्या वाऱ्यात नाहीतर पालखीच्या गुलालात लेन्स बदलायची वेळ आली तर याचं मोल कळतं. (बंद करून मगच लेन्स काढ, आणि त्या शटरला बोट लावू नकोस, नाजूक असतं.) फोरके व्हिडिओ दोघांचाही क्रॉप होतो (सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो), आरचा जवळपास पावणेदोन पट, आणि आरपीला फोरकेमध्ये ड्युअल पिक्सेल फोकस (सेन्सरवरचा वेगवान ऑटोफोकस) नाही, तेव्हा व्हिडिओसाठी म्हणून यातला कुठलाच घेऊ नकोस.

दोघांचं एक वाईट म्हणजे कार्ड स्लॉट एकच. ओळखीतल्या बारशाला ठीक आहे रे, पण पैसे घेऊन लग्न करायचं आणि मंगलाष्टकं, सप्तपदी सगळं एकाच कार्डावर ठेवायचं, तर त्या रात्री मला झोप लागत नाही. लग्नाचा धंदा मनापासून करायचा असेल तर दोन स्लॉटवाला बघ, निकॉन झेड ५ किंवा सोनी ए सेवन थ्री. ए सेवन थ्री २०१८ चा असून आजही कामाला कमी नाही, ६९३ फोकस पॉइंट, मोठी बॅटरी, कंपनीच्या हिशोबाने स्क्रीनवर ७१० फोटो. पण तुझ्या बजेटच्या बाहेर आणि लेन्स पुन्हा शून्यापासून. निकॉनचंही तसंच. त्यामुळे ते आत्ता डोक्यातून काढ.

आता एक अडचण जी लोकांना घेतल्यावर कळते. तुझ्या १८-५५ आणि ५५-२५० या ईएफ-एस लेन्स आहेत, क्रॉपसाठी, म्हणजे ७००डीसारख्या छोट्या सेन्सरसाठी बनवलेल्या. अडॅप्टरने लागतील, पण कॅमेरा आपोआप क्रॉप करतो आणि आरपीचे २६ मेगापिक्सेल उरतात १०, आरचे ३० उरतात साडेअकरा. तुझ्या ७००डीचे १८ आहेत. म्हणजे आंब्याच्या झाडावरचा धनेश नाहीतर किनाऱ्यावरचा समुद्र गरुड काढायला ५५-२५० सकट ७००डीच बरा. म्हणून तो विकू नकोस, तसाही त्याचे आता काय येणार, पाच-सात हजारांसाठी दुसरी बॉडी घालवू नकोस.

तसंच तुझा ५० फुलफ्रेमवर खरा ५० होतो, म्हणजे रुंद. आज जिथे बसून राजाचा अर्धा देह फ्रेममध्ये येतो तिथून मग अख्खा मांड, पायपेटीवाला आणि पुढच्या रांगेतली पोरंपण येतील. तीच फ्रेम हवी तर ८५ एमएम लागतो. कॅननचा ईएफ ८५ एफ/१.८ यूएसएम १९९२ चा आहे, सेकंडहँडमध्ये मुबलक मिळतो आणि अडॅप्टरवर मस्त चालतो. पण एक ध्यानात घे, ८५ ला एफ/१.८ वर फोकसची खोली तुझ्या आत्ताच्या ५० पेक्षा कमी मिळते. क्रॉपवरचा एफ/१.८ हा फुलफ्रेमच्या साधारण एफ/२.८ सारखा दिसतो. एका पात्राचे डोळे शार्प, आणि समोरचा तलवार उगारलेला राक्षस धूसर. दोघं हवे असतील तर लेन्सचं छिद्र छोटं करून एफ/२.८ करावा लागणार आणि तिथे फुलफ्रेमचा सव्वा स्टॉप तू परत देऊन टाकलास. फुलफ्रेम म्हणजे रात्र दिवसासारखी दिसते असं जे सांगतात ना, त्यांना हा हिशोब विचार.

मग फुलफ्रेमने तुला खरं काय मिळेल? माझ्या मते तीन गोष्टी, आणि त्यातल्या दोन सेन्सरच्या नाहीतच. सेन्सरची एक, आयएसओ ६४०० ला रंगभूषेचे रंग टिकतात, ७००डीला ३२०० च्या पुढे लाल रंगाचा चिखल व्हायला लागतो. दुसरी, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर. काळोखात पिवळा पितांबर उजळून फाटला (त्यातले तपशील उडाले) की क्लिक करायच्या आधीच दिसतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, अँटी-फ्लिकर. स्वस्तातले एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, १/२५० ला दहा फोटो काढ, चार काळपट येतील, दोनांत आडवा पट्टा. आर आणि आरपी दोघांत अँटी-फ्लिकर आहे, तो चमकण्याच्या शिखरावर शटर सोडतो, ए सेवन टूत नाही. आणि सायलेंट शटर जत्रेत लावूच नकोस, पट्टेच पट्टे येतील, तसंही मृदंग-झांजेत तुझ्या शटरचा आवाज कोणाला ऐकू येतोय. आय-डिटेक्टचं (डोळा ओळखून फोकस करण्याचं) कौतुक ऐकशील, ते चेहरा दिसतोय तोपर्यंत चालतं, दशावतारातला संकासुर काळ्या वेषात तोंड झाकून आला की ते गोंधळतं, तिथे एकच पॉइंट धर. निळ्या एलईडीखाली रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढ, जेपेगमध्ये निळा चॅनल फुटला की परत येत नाही. रॉवरून आठवलं, आर-आरपीच्या फाइल सीआर३ असतात, लॅपटॉपवर जुनं लाइटरूम ६ असेल तर ते त्या उघडत नाही. कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर डीपीपी फुकट आहे, चालतं, फक्त संथ.

आता बघून घेताना. कोकणात विकायला आलेला कॅमेरा आणि पुण्यात विकायला आलेला कॅमेरा यात फरक असतो आणि तो खाऱ्या हवेचा. मी पहिल्यांदा स्क्रू बघतो. तळाच्या प्लेटचे, माउंटभोवतीचे, बेल्टच्या कड्या, हॉटशूची (फ्लॅश लावायच्या खाचेची) पट्टी. तिथे पांढरी भुकटी किंवा गंजाचा ठिपका दिसला तर तो कॅमेरा समुद्रावर राबलाय आणि कोणी पुसलेला नाही, आतल्या बोर्डावर काय असेल ते देव जाणे. बॅटरीचं दार उघडून पितळी पात्यांवर हिरवट डाग आहे का बघ. मग लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मार आणि पुढून तिरकं बघ, सरळ नाही. धूळ म्हणजे सुटे ठिपके, ती चालते. बुरशी म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या फुटलेल्या असतात, बहुतेक कडेपासून आत येतात. तशी दिसली तर भाव करत बसू नकोस, खाली ठेव आणि निघ. सेन्सरसाठी एफ/१६ ला आकाशाचा नाहीतर पांढऱ्या भिंतीचा फोटो, लॅपटॉपवर मोठा करून बघायचा. पुसून न जाणारा रेषेसारखा डाग असेल तर ओरखडा आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये पांढरं काहीतरी बघ, पिवळा किंवा जळका ठिपका दिसला तर कॅमेरा उन्हात पाठ करून पडला होता, आयपीसची (डोळा लावतो तिथली) काच भिंगासारखी ऊन गोळा करून आतला डिस्प्ले जाळते, आणि तो बदलायचा खर्च या वयाच्या बॉडीला परवडत नाही.

शटर काउंट (आजवर किती क्लिक झाले) विचार, पण त्याच्यावरच जीव टाकू नकोस. सोनीचा आकडा फोटोच्या एक्झिफमधून (फाइलमध्ये साठवलेल्या माहितीतून) वाचता येतो. कॅनन मिररलेसचा तसा सापडत नाही, केबलने जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने बघावा लागतो. आरचं शटर दोन लाख क्लिकच्या हिशोबाने बनवलेलं आहे, त्यामुळे पन्नास-साठ हजार क्लिकना घाबरायचं कारण नाही. आणि सोनी घेणाऱ्यांसाठी एक, जपानमधून आलेले तुकडे बाजारात फिरतात, तिथल्या मॉडेलचा मेनू फक्त जपानी असतो, इंग्रजी होतच नाही. मेनू उघडून भाषा बदलून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

कुठून घ्यायचा? कुरियरने तर मुळीच नाही. कोकणकन्येने रात्री बस, सकाळी सीएसएमटीला उतर, कॅमेऱ्यांच्या दुकानांचा बोराबाजार तिथून चालत. फक्त गाडी पोचते पहाटे आणि दुकानं उघडतात कधीतरी अकराला, तेव्हा मध्ये फोर्टात फिरून ये. दुकानातून थोडा महाग पडतो पण चार दिवसांची का होईना टेस्टिंग वॉरंटी लिहून मिळते, बिलावर सिरीयल नंबर घाल म्हणून सांग. स्वतःचं कार्ड, स्वतःची ५० एमएम आणि लॅपटॉप घेऊन जा. आपल्या भागात बिघडला तर कोल्हापूर नाहीतर मुंबईच गाठावी लागते हे माहितीय तुला, म्हणून जाण्या-येण्याच्या तिकिटाचे पैसे वाचवू नकोस.

वेळेचंही बघ. आता मे चालू आहे, मृग लागला की कॅमेरा चार महिने डब्यात. आत्ता घेतलास तर वापरायच्या आधीच टेस्टिंगची मुदत संपणार. घाई कित्याक? दशावताराचा हंगाम कार्तिकात सुरू होतो, ऑक्टोबरमध्ये घे. तोवर त्याच पैशातून पहिले हजार-पंधराशे एका घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यावर, सिलिका जेलवर आणि छोट्या आर्द्रतामापकावर घाल. काटा ४० ते ५० मध्ये ठेवायचा, ६० च्या वर सतत राहिला की बुरशी धरते, आणि पावसात आपल्या घरात तो नव्वदला असतो. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, भुकटी आणि किडे दोन्ही लेन्सच्या रिंगमध्ये जातात. किनाऱ्यावरून आलास की गोड्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसायची, मग कोरडं फडकं. आणि होमस्टेच्या एसी खोलीतून थेट बाहेर काढायचा नाही, बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवायचा, नाहीतर काच आतून घामेजते.

त्या ५२ हजारवाल्याला काही कळवायच्या आधी एक कर. या वैशाखातल्या उरलेल्या एखाद्या जत्रेत १८-५५ घरी ठेवून फक्त ५० एमएम घेऊन जा, मॅन्युअल मोड, एफ/२, १/२००, आयएसओ ३२००, रॉ. फ्लिकरने काही फोटो काळे येतील ते येऊ देत, जास्त काढ. दुसऱ्या दिवशी फोटो बघून मला सांग की तुला नक्की काय कमी पडलं, नॉइज, फोकस, की लांबी. लांबी कमी पडली असेल तर नुसता ८५ एमएम घे आणि ७००डीवरच लाव, तिथे तो १३६ सारखा होतो, उरलेले पैसे राहू देत. नॉइज आणि फोकस म्हणालास तर आपण आर शोधू, माझ्या ओळखीत दोन-तीन जण आहेत जे या वर्षी बदलणार आहेत.